‘माळ’ म्हणजे नेमकी कोणती जमीन, आणि हा शब्द आला कुठून?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तुमचे गाव माण-खटावच्या बाजूचे आहे. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या उंच, खडकाळ जमिनीला सगळे ‘माळ’ म्हणतात. डोंगर एकापुढे एक ओवल्यासारखे दिसतात म्हणून ‘माळ’, असे घरातील वडीलधारे सांगतात. शाळेतील एका शिक्षकांनी हा शब्द कानडी ‘मले’ म्हणजे डोंगर यावरून आल्याचे सांगितले. कुठेतरी ‘माळवा’ हे नावही याच शब्दाचे असल्याचे तुमच्या वाचनात आले. यांतले खरे काय, आणि माळ म्हणजे डोंगर की सपाट जमीन, असे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

शेतांची आणि वाड्यावस्त्यांची नावे नोंदवणे व कोशाच्या कामासाठी शब्दांच्या व्युत्पत्ती तपासणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम असल्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत अनेकदा भेटला आहे. त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. पहिला, आज या शब्दाचा अर्थ काय. दुसरा, सारख्याच दिसणाऱ्या ‘माळ’, ‘माळा’, ‘मळा’ या शब्दांचा परस्परांशी संबंध काय. तिसरा, मूळ कोणते. बहुतेक लोक थेट तिसऱ्यावर उडी घेतात आणि पहिल्याची तपासणी करायची राहून जाते. अर्थ नक्की नसताना मूळ शोधू लागले, की आवाजाला जुळणारा कोणताही शब्द मूळ वाटू लागतो. म्हणून मी अर्थापासून सुरुवात करतो.

माळ म्हणजे डोंगर नव्हे. डोंगराला चढ, कडा, माथा, सोंडा असे अवयव असतात आणि लोक त्यांना वेगळी नावे देतात. माळाला असे अवयव नसतात. दोन ओढ्यांच्या मधला रुंद, हळूहळू उंचावत गेलेला, पातळ मातीचा पट्टा म्हणजे देशावरचा माळ. उभे राहून पाहिले तर तो जवळजवळ सपाट वाटतो. पण ओढ्याकडून त्याच्याकडे चालत गेलात तर चढ पायांना जाणवतो. त्यामुळे ‘उंच की सपाट’ या प्रश्नाचे उत्तर ‘उंच आणि बऱ्यापैकी सपाट’ असे आहे, आणि तुमच्या गावात या दोन मतांवरून वाद होत असेल तर दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर आहेत.

ही उंची कशाच्या तुलनेत मोजायची हा खरा मुद्दा आहे. समुद्रसपाटीशी तिचा काही संबंध नाही. शेतकरी माळाची उंची पाण्यावरून मोजतो. ओढ्याचे, विहिरीचे किंवा पाटाचे पाणी आपल्या उताराने जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत रान, आणि जिथे ते चढत नाही तिथून वर माळ, अशी विभागणी मला अनेक गावांत, कुणी शब्दांत न मांडताही, नावांमधून स्पष्ट दिसली आहे. म्हणूनच एखाद्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याची जमीनसुद्धा माळ असू शकते. ती डोंगराच्या मानाने खाली असते, पण ओढ्याच्या मानाने वर असते.

प्रदेश बदलला की मात्र शब्दाची व्याप्ती बदलते, आणि इथे सरसकट विधान करता येत नाही. कोकणात जांभ्याच्या उघड्या, सपाट, उंच जमिनीला ‘सडा’ म्हणतात. देशावर ज्याला माळ म्हटले असते त्यातले बरेचसे तिकडे या शब्दाने व्यापले आहे. संगमनेरकडे ‘पठार भाग’ हा बोलीतला रुळलेला शब्द आहे आणि तो कित्येक गावांच्या सलग उंच प्रदेशाला उद्देशून वापरला जातो. ‘बरड’ हा शब्द मातीचा कस सांगतो, ‘पड’ हा नांगरणीची स्थिती सांगतो, ‘गायरान’ हा हक्क सांगतो. एकच जमीन एकाच वेळी माळ, बरड, पड आणि गायरान असू शकते. यांतला ‘माळ’ हा शब्द फक्त ठिकाण सांगतो, असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे विवेचन या मतावर आधारलेले असल्यामुळे त्याचा आधार आधी सांगितला पाहिजे.

आज माळ म्हटले की ओसाडपणा डोळ्यांसमोर येतो. कोशांतही ‘उजाड, नापीक जमीन’ अशी छटा येते. परंतु उपसा सिंचन आणि पाइपलाइन आल्यावर कित्येक माळांवर ऊस उभा राहिला, आणि तरीही लोक ‘माळावरचा ऊस’ असेच म्हणतात. जमीन हिरवी झाली म्हणून तिचे नाव सुटले नाही. ओसाडपणा हा शब्दाचा गाभा असता तर ते नाव टिकायला अडचण आली असती. शिवाय ओसाडपणा सांगायचा झाला की मराठी बोलणारा ‘फोंडा माळ’, ‘बोडका माळ’, ‘उजाड माळ’ असे विशेषण जोडतो. हा दुसरा पुरावा मी दुबळा समजतो, कारण आपण ‘काळाकुट्ट अंधार’ असेही म्हणतो आणि त्यावरून अंधार मुळात पांढरा होता असे सिद्ध होत नाही. पण पहिला पुरावा भक्कम आहे.

आता सारख्या दिसणाऱ्या शब्दांकडे वळू. गळ्यातली किंवा जपाची माळ स्त्रीलिंगी आहे, जमिनीचा माळ पुल्लिंगी आहे. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष होते, पण वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या ‘डोंगरांच्या माळे’च्या कल्पनेला पहिला धक्का इथेच बसतो. विभक्तीच्या प्रत्ययांपूर्वी होणारी रूपे पाहिली तर चार शब्द चार बाजूंना होतात: मणी माळेत ओवतात, गुरे माळावर चरतात, धान्याची पोती माळ्यावर ठेवतात, आणि भाजी मळ्यात पिकते. बोलताना यांची गल्लत कोणीही करत नाही. गल्लत होते ती व्युत्पत्ती सांगताना, कारण तेव्हा आपण प्रत्यय काढून नुसता शब्द समोर ठेवतो. एखादा शब्द तपासायला घेतला की मी आधी त्याचे लिंग आणि सामान्यरूप नोंदवतो. निम्म्या लोकव्युत्पत्ती तिथेच गळून पडतात.

शिवाय डोंगरांच्या रांगेला मराठीत ‘रांग’ किंवा ‘ओळ’ म्हणण्याची रीत आहे. ‘पर्वतमाला’ हा ग्रंथांतला शब्द आहे. आणि माळ ही रांग नसतेच. एखाद्या गावात एकच माळ असतो, आजूबाजूला दुसरा उंचवटा नसतो, तरी तो माळच असतो. घरी सांगितलेली उपपत्ती ऐकायला गोड आहे, पण ती सोडून द्यावी लागेल.

‘मळा’ वेगळा करणेही आवश्यक आहे, कारण त्याचा अर्थ माळाच्या जवळजवळ विरुद्ध आहे. मळा ही पाण्याखालची, ओलीची, बागाईत जमीन. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला ‘मळई’ म्हणतात हे लक्षात घेतले तर ‘मळा’मागे मल म्हणजे गाळ, खत हा अर्थ असावा असे मला वाटते. निदान या दोन शब्दांचे कूळ एक मानण्याचे कारण मला दिसत नाही. ‘माळी’ हा शब्द तर सरळ माला गुंफणाऱ्याचा, त्याचा जमिनीच्या उंचीशी काही संबंध नाही.

‘माळा’ची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. घरातला माळा म्हणजे डोक्यावरची, उंचावरची जागा. प्राकृतात ‘माल’ हा शब्द नेमक्या याच अर्थाने सापडतो. जैन आगमांपैकी दशवैकालिक सूत्रात साधूंनी कोणती भिक्षा घेऊ नये याचे नियम आहेत; त्यांत ‘मालोहड’ म्हणजे मालावरून उतरवून आणलेली भिक्षा निषिद्ध मानली आहे. कारणही दिले आहे: देणारी बाई शिडी, फळी किंवा पाट लावून वर चढेल, पडेल, तिचे हातपाय मोडतील आणि खालचे जीवही चिरडले जातील. हा ‘माल’ म्हणजे आपला माळा, यात शंकेला जागा नाही. ‘घोटक’पासून ‘घोडा’ झाला त्याच वाटेने ‘माल’ला ‘क’ लागून ‘माळा’ झाला, आणि ‘क’ न लागता जो राहिला तो ‘माळ’. म्हणजे उंचावरची जागा हा एकच अर्थ घरात माळा होऊन राहिला आणि शिवारात माळ होऊन राहिला, असा माझा निष्कर्ष आहे. मातीच्या सपाट छपराच्या ‘माळवद’ या शब्दातही पहिला अवयव हाच असावा.

हा निष्कर्ष केवळ घरातल्या माळ्यावर उभा असता तर मी तो इतक्या विश्वासाने मांडला नसता. जमिनीच्या अर्थाने ‘माल’ शब्दाचा फार चांगला पुरावा संस्कृतात आहे, आणि तो कालिदासाचा आहे. मेघदूताच्या पूर्वमेघात, साधारण सोळाव्या श्लोकात (प्रतींनुसार क्रमांक थोडा पुढेमागे होतो), यक्ष मेघाला सांगतो: ‘सद्यःसीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालम्’. नुकत्याच फिरलेल्या नांगराने ज्याचा सुवास दरवळतो आहे अशा माल क्षेत्रावर चढून मग पुढे जा, असा त्याचा अर्थ. टीकाकार मल्लिनाथ याचे स्पष्टीकरण ‘शैलप्रायमुन्नतस्थलम्’ म्हणजे डोंगराळ, उंच जागा असे करतो आणि ‘मालमुन्नतभूतलम्’ हे उत्पलमाला या कोशाचे वचन आधाराला घेतो. उंच भूतल म्हणजे माल. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्या नेमक्या शब्दांत दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

इथे एक पुस्ती जोडली पाहिजे. मल्लिनाथ त्याला ‘मालाख्यं क्षेत्रम्’ असेही म्हणतो, म्हणजे माल नावाचे क्षेत्र. त्यामुळे कालिदासाच्या मनात हे विशेषनाम होते की सामान्यनाम, यावर मतभेदाला वाव आहे. मला हा मतभेद फारसा अडचणीचा वाटत नाही. उंच जागेचे सामान्यनामच पुढे त्या प्रदेशाचे विशेषनाम होणे ही स्थळनामांतली रोजची गोष्ट आहे. तुमच्या गावातही ‘माळ’ म्हटले की एकच विशिष्ट जागा डोळ्यांसमोर येत असेल. शिवाय श्लोकातले ‘आरुह्य’, म्हणजे चढून, हे क्रियापद उंची उघडच सांगते. मेघाचा प्रवास जिथून सुरू होतो तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक हे बहुमान्य मत स्वीकारले, तर तिथून नर्मदेकडे निघालेल्या मेघाला सातपुड्याचा चढ लागतोच.

या श्लोकातला दुसरा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कालिदासाचा माल ओसाड नाही. तो नांगरलेला आहे, पहिल्या पावसाच्या तयारीत आहे, आणि शेतीचे फळ तुझ्यावरच अवलंबून आहे म्हणून खेड्यातल्या बाया मेघाकडे प्रेमाने पाहत आहेत. मग आपल्या माळाला ओसाडपणा कुठून चिकटला? याचे उत्तर मला भाषेत नाही, खडकात सापडते. दख्खनचा बेसाल्ट आडव्या थरांत पसरलेला आहे. वरच्या भागावर खडक झिजून मुरूम होतो, त्यातली बारीक माती पावसाबरोबर वाहून ओढ्याकाठी साचते आणि तिथे खोल काळी जमीन तयार होते. वर राहतो मुरूम, त्यावर गवत, तरवड, एखादी बाभूळ. म्हणजे देशावर, विशेषतः तुमच्यासारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्यात, जी जमीन उंच ती पातळ, जी पातळ ती कोरडी, आणि जी कोरडी ती बोडकी. पिढ्यान्‌पिढ्या या गोष्टी एकत्रच दिसत राहिल्या आणि उंचीच्या शब्दात ओसाडपणा मुरला. जिथे उंच जमीन सुपीकही असते तिथे हा अर्थबदल होण्याचे कारण नव्हते.

या बदलाचा एक दुष्परिणाम जाता जाता नोंदवतो. माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे निरुपयोगी, असा हिशेब रूढ झाल्यामुळे गवताळ माळरान हे स्वतंत्र अधिवास आहे हे फार उशिरा ध्यानात आले. माळढोक आणि माळटिटवी ही नावे ज्यांनी दिली त्यांना ते ठाऊक होते. सोलापूरजवळ नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली झाले. ‘माळरान’ या जोडशब्दातले ‘रान’ अरण्यापासून आले आहे, आणि संस्कृत कोशांत ‘माल’चे शेत व गावाजवळचे रान असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत, ही जुळणी लक्षात घेण्यासारखी आहे.

आता ‘माल’चा ‘माळ’ कसा झाला ते पाहू, कारण शिक्षकांच्या उपपत्तीचा निकाल याच नियमाने लागतो. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत येताना ‘ळ’ होतो: फल-फळ, काल-काळ, शिला-शिळा, माला-माळ. ‘ल’ जोडाक्षरात असेल आणि प्राकृतात त्याचा ‘ल्ल’ झाला असेल, तर मराठीत तो ‘ल’ राहतो: बिल्व-बेल, मूल्य-मोल, कल्य-काल. म्हणून वेळेचा ‘काळ’ आणि आदल्या दिवसाचा ‘काल’ हे दोन शब्द वेगळे राहिले. व्यापाराचा ‘माल’ अरबीतून नंतर आला, त्या बदलाच्या काळात तो मराठीत नव्हताच, म्हणून त्याचा ‘ल’ तसाच आहे. यावरून दिसते की आपल्या ‘माळ’च्या मुळाशी एकेरी ‘ल’ होता. मल्ल लोकांवरून किंवा मल्लांच्या आखाड्यावरून माळ, अशीही एक उपपत्ती कधी कधी कानावर येते. ती या एकाच नियमाने बाद होते, कारण ‘मल्ल’चा मराठीत ‘माल’ झाला असता.

कानडी ‘मले’कडे या पार्श्वभूमीवर पाहा. डोंगर या अर्थाचा हा शब्द द्राविडी भाषांत फार खोलवर रुजलेला आहे. तमिळमध्ये मलै, मल्याळममध्ये मल, तेलुगूत मल, कन्नडमध्ये मले. तिरुमला, शबरीमला, अण्णामलै ही नावे त्यातलीच. संस्कृतातला चंदनाचा ‘मलय’ पर्वत याच शब्दाचे रूप मानला जातो, आणि मलबार या नावाचा पहिला भागही तोच. कर्नाटकातले मलेनाड म्हणजे डोंगराळ मुलूख. त्यामुळे शिक्षकांचे मत हवेतले नाही. ते ऐकून हसण्यासारखे तर मुळीच नाही.

तरीही ‘मले’पासून ‘माळ’ थेट आला असे मी म्हणणार नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण स्वराचे आहे. ‘मले’तला अ ऱ्हस्व आहे. एकेरी ‘ल’पूर्वीचा ऱ्हस्व अ मराठीत सहसा ऱ्हस्वच राहतो: नल-नळ, तल-तळ, मल-मळ. ‘मले’पासून ‘मळ’ किंवा ‘मळे’ असे काही मिळाले असते. ‘माळ’ होण्यासाठी मुळात दीर्घ ‘आ’ असायला हवा, आणि तो संस्कृत-प्राकृत ‘माल’मध्ये आहे. उसन्या शब्दांना हे नियम तितक्या कडकपणे लागू होत नाहीत हे खरे, पण नियमाने नीट जुळणारे मूळ हाताशी असताना नियम मोडून येणारे मूळ निवडण्याचे कारण नाही.

दुसरे कारण अर्थाचे आहे आणि ते मला अधिक पटते. कन्नडमध्ये मले म्हणजे कुठलाही उंचवटा नव्हे. मलेनाड म्हणजे शिवमोग्गा, चिक्कमगळूरु, कोडगू या बाजूचा भरपूर पावसाचा, घनदाट झाडीचा सह्याद्रीचा भाग. उघड्या, कोरड्या मुलखाला तिकडे बयलुसीमे म्हणतात, आणि उत्तर कर्नाटकात साध्या डोंगराला गुड्ड म्हणतात. म्हणजे आपल्या माळाशी ज्या जमिनीचे साम्य आहे तिला कानडी माणूस मले म्हणत नाही. शेजारच्या भाषेतून शब्द घेतला तर निदान सीमेलगत तरी तो सारख्याच वस्तूला लागलेला दिसावा, अशी माझी अपेक्षा असते. इथे ती पुरी होत नाही. याच ओघात आणखी एक गोंधळ टाळा. कन्नडमध्ये ‘मले’ म्हणजे डोंगर आणि ‘मळे’ म्हणजे पाऊस. हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मलेनाडला पाऊस भरपूर असल्यामुळे ‘पावसाचा प्रदेश’ असा त्याचा अर्थ मराठी लेखनात कधी कधी दिला जातो, तो चुकीचा आहे.

मात्र आणखी खोलवर गेले तर दार बंद होत नाही. संस्कृत ‘माल’ हा शब्द स्वतःच द्राविडी ‘मल’शी नाते सांगणारा असेल, असा तर्क केला जातो, आणि तो मला अशक्य वाटत नाही. उंच जमिनीचे, झाडांचे, स्थानिक वस्तूंचे शब्द संस्कृतने आजूबाजूच्या भाषांतून घेतल्याची उदाहरणे आहेत. ‘मलय’ हे त्यांतलेच. कन्नड ‘माळिगे’ म्हणजे माडी किंवा सपाट छप्पर, तमिळ ‘माळिगै’ म्हणजे मोठा वाडा, आणि आपला ‘माळा’ यांचे साम्यही डोळ्यांत भरणारे आहे. यांत कोणी कोणाकडून घेतले हे ठरवणे सोपे नाही. म्हणून आतापर्यंतच्या विवेचनातून मी एवढेच म्हणेन की मराठी ‘माळ’चे जवळचे मूळ प्राकृत-संस्कृत ‘माल’ म्हणजे उंच जागा हे आहे, आणि त्या ‘माल’चे मूळ द्राविडी असण्याची शक्यता मोकळी आहे. शिक्षकांचे मत या दुसऱ्या पायरीवर टिकू शकते, पहिल्या पायरीवर टिकत नाही.

‘माल’ हा उत्तरेकडेही उंच जमिनीचा शब्द म्हणून राहिला आहे, आणि त्याचे मला आवडणारे उदाहरण राजस्थानात आहे. मेवाडच्या पूर्वेला बिजोलियाच्या आसपासच्या पठाराला ‘ऊपरमाल’ म्हणतात. 1917 साली विजयसिंह पथिक यांनी तिथल्या शेतकरी आंदोलनासाठी जी पंचायत उभी केली तिचे नाव ‘ऊपरमाल पंच बोर्ड’ असेच होते. बिजोलियाच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात या प्रदेशाला ‘उत्तमाद्रि’ म्हटले आहे. लेख रचणाऱ्या पंडिताने ‘ऊपर’चा ‘उत्तम’ केला आणि ‘माल’च्या जागी ‘अद्रि’ म्हणजे पर्वत आणला, असे मी समजतो. तसे असेल तर बाराव्या शतकात त्या भागात ‘माल’चा अर्थ डोंगराळ उंच भूमी असाच घेतला जात होता. इतक्या दूर उत्तरेला त्याच अर्थाने हा शब्द नांदतो, हेही कानडीतून थेट उसनवारीच्या विरोधात जाते.

माळव्याचे मात्र तसे नाही, आणि हा सापळा फार जणांना पकडतो. माळवा हे पठार आहे, नावात ‘माळ’ दिसतो, आणि ऊपरमाल त्याच्या शेजारीच आहे. एवढे जुळल्यावर मोह आवरत नाही. पण हे नाव मालव नावाच्या गणाचे आहे. हे लोक आधी पंजाबात होते, नंतर राजस्थानात आले, तिथे त्यांची ‘मालवानां जयः’ असे लिहिलेली नाणी सापडली आहेत, आणि समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभलेखात त्याला कर देणाऱ्या गणांमध्ये त्यांचा उल्लेख आहे. त्यांचे नाव ते जिथे जिथे गेले तिथे तिथे गेले. पंजाबातल्या सतलजच्या दक्षिणेकडच्या सपाट मुलखालाही आज माळवाच म्हणतात. जे नाव पठारावर येण्याआधी मैदानातल्या लोकांचे होते, त्याचा अर्थ पठार असा लावता येत नाही.

याच कारणाने तुमच्या परिसरातल्या माळवाडी, माळेवाडी, माळेगाव अशा नावांबाबतही घाई करू नका. यांतली काही माळावर वसलेली म्हणून, काही माळी समाजाच्या वस्तीमुळे पडलेली असू शकतात, आणि कागदावर ती सारखीच दिसतात. अशा वेळी कोश उघडण्यापूर्वी जागा पाहावी. वस्ती ओढ्याकाठी, विहिरींच्या आणि जुन्या बागाईत जमिनीच्या मध्ये असेल तर माळी समाजाचा किंवा मळ्याचा विचार आधी करावा. मुरमाड उंचवट्यावर, पाण्यापासून दूर असेल तर माळाचा. जुन्या महसुली कागदांत नाव कसे लिहिले आहे, आणि वाडीतले म्हातारे लोक ते कसे उच्चारतात, हे दोन्ही नोंदवावे. ते वेगळे असतील तर मी उच्चाराला जास्त वजन देतो, कारण कागद बहुधा परगावच्या कारकुनाने लिहिलेला असतो.

तुमच्या स्वतःच्या माळाबाबत आणखी एक गोष्ट करता येईल. एवढा मोठा माळ असेल तर त्याच्या भागांना नक्कीच वेगळी नावे असणार: कुणाच्या तरी देवाचा माळ, वरचा माळ, खालचा माळ, एखाद्या झाडाचा माळ. ती सगळी लिहून काढा आणि प्रत्येकाच्या शेजारी जवळच्या ओढ्याचे किंवा विहिरीचे नाव लिहा. ‘खालचा माळ’ जिथे संपतो आणि पहिले ‘रान’ किंवा ‘मळा’ जिथे सुरू होतो ती रेघ जुन्या पाण्याच्या हद्दीशी जुळते का, ते तपासा. पाइपलाइन येण्यापूर्वीची हद्द विचारायला विसरू नका, नाहीतर आजच्या हिरव्या पट्ट्यावरून भलताच निष्कर्ष निघेल. ती रेघ जुळली नाही, तर उंचीचा संबंध पाण्याशी लावणारे माझे वरचे म्हणणे निदान तुमच्या गावापुरते फेरतपासणीला घ्यावे लागेल, आणि ती माहिती मला जुळलेल्या रेघेइतकीच उपयोगाची असेल.